तुळशीशेजारची शमी

१

घाणेरीच्या जाळीत क्रांतीचा कोयता खणकन वाजला, तेव्हा सगळ्यांना वाटलं दगडच लागला असणार. पण दगडाचा आवाज असा घुमत नाही. तिनं हातमोजा सारखा केला, काटेरी फांद्यांखाली हात घातला आणि एक पितळी घंटा बाहेर काढली. मुठीत मावेल एवढी. चामड्याच्या तुटक्या पट्ट्यात अडकलेली, पट्ट्याला लोकरीचा गोंडा.

"मेंढराची हाय," नाथाजीनाना म्हणाले, आणि बोललेलं परत गिळावं तसे गप्प झाले.

रेश्मानं कडेवरच्या शिवन्याला आवळून धरलं. "मम्मी, दुखतंय," अशी पोर कुरकुरली, तेव्हा कुठं तिला कळलं आपण किती घट्ट धरलंय ते.

कारण यंदा मेंढरं या काठाला आलीच नव्हती. वैशाखापासून सगळी वाडी असंच सांगत होती, आणि त्या सांगण्यावर एक पोरगा तुरुंगात बसला होता.

मेढ्याच्या वरच्या अंगाला, धरणाच्या फुगवट्याकाठी ही वाडी. दर दिवाळीनंतर माणातला दादासो धनगर आपला कळप घेऊन इकडं यायचा. रात्री कुणाच्या तरी रानात जाळं लावून मेंढरं बसवायचा. सकाळी शेतकऱ्याच्या रानात लेंडीखताचा थर आणि धनगराच्या पदरात दाणागोटा, असा जुना रिवाज. यंदा माणात प्यायला पाणी उरलं नाही, म्हणून तो अवेळी, ऐन वैशाखात पुन्हा घाटाकडं वळला. बरोबर पुतण्या, सूरज. मेढ्यापर्यंत दोघांना लोकांनी पाहिलं. तिथून सूरज एका लग्नाला गावी गेला, आणि परत येऊन बघतो तर ना चुलता, ना मेंढरं, ना सामानाचं घोडं. त्यानं काठावरचं घर न् घर विचारलं. "आलाच न्हाई बाबा इकडं," हेच उत्तर. मग लोकांची बोटं हळूहळू त्याच्याकडंच वळली. यानंच मेंढरं वाटेत विकली असतील, आणि म्हाताऱ्याला... पुढचं कुणी उच्चारत नव्हतं. सूरजला धरून नेलं त्या दिवशी वाडीला बरं वाटलं होतं. बाहेरच्याचं लफडं बाहेरच्याच्या गळ्यात.

रेश्मा तेव्हा माहेरी होती, सांगलीला. तिथल्याच कॉलेजात तिनं वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेलं. नवरा शिवतेज सैन्यात, लांब सरहद्दीवर. पोर जरा मोठी झाली तशी तिनं या ऑक्टोबरात रविवारची काठफेरी सुरू केली होती. पाण्याच्या कडेनं चालायचं, बाहेरून येऊन बोकाळलेली झाडं ओळखायची, आणि निघतील ती काढायची.

आज सकाळीच तिनं बेशरमीचं झुडूप दाखवलं होतं. "हिची नुसती काडी मातीत खोचली तरी जगते. जनावर तोंड लावत नाही, कुत्रंसुद्धा या जाळीत शिरायचं टाळतं. वरून छाटून उपयोग नाही. मुळापासून खणायची."

ती बेशरम होती रेश्माच्या घरच्याच रानात. रेश्माचे मोठे दीर उदयसिंह, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, सगळ्यांसाठी पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन आले होते. ते हसले. "ती मी कुंपणाला लावलीय. तिला नका हात लावू. आत घोणस हाय, परवाच बघितली." शिवन्यावर जीव टाकणारा माणूस. त्यांच्या शब्दासरशी रेश्मानं पोरीला मागं ओढलं होतं.

आता उदयसिंहांनी घंटा उलटीपालटी करून पाहिली. "गेल्या सालातली असंल. दादासो नानाच्याच रानात बसवायचा की."

"माझ्या रानाचं नाव कशाला घेतोस रं?" नाना उसळले. घाणेरीची ती जाळी नेमकी त्यांच्या बांधावर होती.

काठावर पर्यटकांसाठी तंबू टाकून बसलेला विश्वजित मोबाईलवर फोटो काढत होता, तो थांबला. "वहिनी, मी म्हणतो, टाका ती पाण्यात. कशाला नसतं झेंगट?"

क्रांती पुढं आली. रेश्माची ही कॉलेजातली मैत्रीण पोलिसात होती, आणि आज सुट्टीवर. तिनं घंटा उदयसिंहांच्या हातून घेतली, रुमालात गुंडाळली आणि खिशात टाकली.

२

दादासोची बायको हरणाबाई मेढ्यात एका पत्र्याच्या शेडात राहत होती आणि लोकांच्या रानात भांगलणीला, तण काढायला जात होती. नवरा सापडल्याशिवाय माणात पाऊल ठेवायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

घंटा बघून ती रडली नाही. कानाशी नेऊन तिनं ती एकदा वाजवली.

"चांद्याची. आमचा म्होरला एडका."

"मागच्या वर्षी पडलेली असेल का, मावशी?" रेश्मानं विचारलं.

"मागल्या साली कशी पडंल? औंदा चैतात जत्रंत घेतली मी. गोंडा ह्या हातानं वळलाय."

क्रांती आणि रेश्मानं एकमेकींकडं पाहिलं. म्हणजे कळप यंदाच काठाला आला होता. आणि वाडीतलं कुणीतरी, कदाचित सगळेच, खोटं बोलत होते.

"एवढ्यानं सूरज सुटत नाही," क्रांती हळूच म्हणाली. "उद्या म्हणतील, यानंच घंटा आणून टाकली. कळप कुणाच्या रानात बसला ते कळायला पाहिजे. येत्या आठवड्यात त्याची तारीख आहे गं."

हरणाबाईनं ते ऐकलं. तिची नजर रेश्मावर खिळली, आणि रेश्माला ती चुकवता येईना.

"मावशी, तुमची मेंढरं ओळखायची कशी?"

"समदी तांबडा रंग लावत्यात. आमी निळा. मानंवर. आमच्या सासऱ्यापासनं निळाच."

"आणि वैशाखात चारा काय होता?"

"कुठला चारा, ताई! वेड्या बाभळीच्या शेंगा. त्याची पोती मीच घोड्यावर लादून दिली. वाटंला कोकरं मराय नगंत म्हनून." मग तिनं शिवन्याच्या गालाला बोट लावलं. "हिचा बा कुठं आसतो?"

"सैन्यात."

"मग तुमाला ठावं हाय. वाट बघनं काय आसतं ते."

परतीच्या वाटेवर रेश्माच्या डोक्यात शेंगा घोळत होत्या. वेड्या बाभळीची शेंग मेंढरू खातं, पण आतलं टणक बी सगळंच पचत नाही. काही बिया लेंडीतून जशाच्या तशा बाहेर पडतात, वर खतही आयतं. पाऊस लागला की उगवतात. माणात ती बाभूळ पावलोपावली. इथल्या पावसाळी मुलखात मात्र तिनं एकही पाहिली नव्हती.

जिथं वेडी बाभूळ उगवली असेल, तिथं दादासोची मेंढरं बसली होती.

३

नाथाजीनाना पडवीत विळ्याला धार लावत बसले होते. रेश्मानं त्यांच्या रानातून आधीच एक चक्कर मारली होती. सगळीकडं कोंबडीखत टाकलेलं, काटेरी रोप एकही नाही.

"नाना, तुमचं आणि दादासोचं भांडण कशावरून झालं होतं?"

"भांडान कसलं? गेल्या साली त्याच्या मेंढरांनी माझी हळद तुडवली. म्हनून औंदा म्हनलं, माझ्याकडं बसवू नगंस. सांजच्या पारी दारातनंच वाटंला लावला त्याला..."

विळा थांबला.

"म्हणजे यंदा तो तुम्हाला भेटला होता."

नानांनी अंगठ्यानं धार पाहिली. "व्हय. भेटला."

"मग सूरजला का नाही सांगितलं? आवं नाना, तो पोरगा आत आहे!"

"समद्यांनी न्हाई म्हनलं! मी एकट्यानं व्हय म्हनून गळ्यात घालून घिऊ? मला वाटलं, फुडं गेला आसंल, येईल माघारी." म्हाताऱ्याचा आवाज खाली आला. "मेंढरं घिऊन पान्याकडं उतरला तो. पान्याकडं तीनच रानं. माझं, विश्वजितचं..."

"आणि तिसरं?"

"तुला म्हाईत न्हाई व्हय?" नाना म्हणाले. "तुमचं."

विश्वजितच्या तंबूंभोवती पिवळ्या-केशरी कॉसमॉसचा नुसता समुद्र होता. तो चहा घेऊनच पुढं आला. "वहिनी, हे बाहेरचं झाड असलं तरी उपटू नका. पुण्याची माणसं याच्यासाठी येतात. तुमी माझं दुकान बंद करायला निघालाय."

"मेंढरं आली होती का इथं, वैशाखात?"

"मी येऊ देतो व्हय? लेंड्यांचा वास आला की गिऱ्हाईक पळतंय." तो हसला, मग विचारात पडला. "तसा एक दिवस लक्षात हाय माझ्या. सूरज नंतर विचारायला आला ना, त्याच्या आधीचा. सगळे तंबू भरलेले. आन रात्री लाईट गेली, आली, परत गेली. खाली पंपाकडं फट्‌ झालं. पोरंबाळं किंचाळली. एक मेंढरू वरडल्यागत पण वाटलं, पण म्हटलं कोल्हं असंल."

"कुणी बघायला गेलं?"

"सकाळी उदयदादाच आले की. म्हणाले, पंपाचा फ्यूज उडालेला, बसवलाय. त्यांच्यासारखा माणूस न्हाई, वहिनी. कुणाच्याही अडचणीला पयला."

वाफ्यांतून तिनं हात फिरवला. सगळी शहरातून आणलेली भुसभुशीत माती. इथंही काही नाही.

मग ती घरच्या रानात उतरली. रान स्वच्छ होतं. नाचणी उभी होती, तण काढलेलं, बांध साफ. वेड्या बाभळीचं एकही रोप नव्हतं. खालच्या अंगाला फक्त बेशरमीची हिरवी जाळी, जांभळट फुलांनी डवरलेली.

तिनं मोठ्ठा श्वास सोडला. घरचं कुणी नव्हतं. देवा, यात घरचं कुणी नव्हतं.

वर चढून आल्यावर तिनं सहज मागं वळून पाहिलं आणि तिच्या मनात एक वेडावाकडा विचार आला. कुंपण शेताच्या कडेला असतं. मग ही बेशरम शेताच्या आत, मधे लांबट जागा सोडून का लावली होती?

४

घरी शिवन्या हातभर बांगड्या घालून नाचत होती. काळ्या, रबरी.

"कुणी दिल्या गं?"

"मी घेतल्या. मोठ्या पप्पांच्या गोठ्यातनं. काठ्यांच्या टोकाला होत्या."

म्हणजे लाकडी खुंट्यांच्या टोकाला. सायकलच्या ट्यूबचे कापलेले वेढे, सगळे एकाच मापाचे. प्रत्येकावर एक बारीक, जळकी खाच. रेश्मानं ते काढून घेतले. पोरीनं भोकाड पसरलं. आईच्या जिवाला प्रत्येक गोष्टीत विंचू दिसतो, असं शिवतेज फोनवर चिडवायचा. तिनं ते वेढे पदराच्या टोकाला बांधून ठेवले. का, ते कळत नव्हतं.

जेवताना उदयसिंह शांतपणे भाकरी कुस्करत होते.

"नानाकडं गेलतीस म्हणं."

"हो, दादा."

"विश्वजितकडं पण." त्यांनी शिवन्याच्या ताटात दुधाची साय वाढली. "रेश्मा, तू लेकराची आई. दुसऱ्याच्या मेल्याजित्याच्या मागं फिरताना आपल्या लेकराकडं ध्यान राहत न्हाई. आन आपलं घर पाण्याच्या काठाला. पोरं हातची सुटायला कितीसा वेळ लागतो?"

ते प्रेमानंच बोलले. नेहमीसारखेच. पण रेश्मानं हातातला घास परत ताटात ठेवला. सासूबाईंकडं तिनं पाहिलं. रंगूबाई भाकरी थापण्यात गुंतल्या होत्या.

सकाळी ती पाणी तापवत असताना अंगणातून किंकाळी आली.

रेश्मा धावली. चुलीपासून अंगणापर्यंतच्या त्या एवढ्याशा वाटेत तिच्या डोळ्यांपुढून विहीर, पाणी, साप, सगळं जाऊन आलं. शिवन्या तुळशीपाशी उभी होती. बोटातून रक्ताचा थेंब ठिबकत होता.

"काय न्हाई गं, काटा लागला," रंगूबाई पोरीच्या बोटावर हळद दाबत म्हणाल्या. "शमीला हात लावला व्हय माझ्या सोन्यानं? देवाची हाय ती. तिला असं वरबाडायचं न्हाई."

तुळशीच्या कट्ट्याला लागून ते रोप होतं, रंगूबाईंच्या गुडघ्याला लागेल एवढं. पावसाळ्यात आपणहून उगवलं, म्हणून त्यांना कोण अप्रूप. शमी दारात आपल्या पायांनी आली, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. दसऱ्याला त्यांनी तिची पूजा केली होती. उदयसिंहांची पदकं आणि सैन्यातला चाकू तिच्या बुडाशी मांडला होता, आणि उदयसिंहांनी हात जोडले होते. रेश्मा तेव्हा नैवेद्याच्या गडबडीत होती. तिनं रोपाकडं नीट पाहिलंच नव्हतं.

काठावरचं एक न् एक झाड तिनं ओळखलं होतं. स्वतःच्या अंगणातलं सोडून.

आता ती वाकली.

५

शमीचे काटे बारीक असतात आणि डहाळीवर मिळेल तिथं विखुरलेले असतात. या रोपाचे काटे लांब होते, आणि प्रत्येक पानाच्या बुडाशी, दोन-दोन, जोडीनं.

ही शमी नव्हती. शमीची परदेशातून आलेली चुलतबहीण होती. वेडी बाभूळ.

"आत्या," तिनं सासूला हाक मारली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "तुळशीला खत कुठलं घातलं होतं?"

"लेंडीखत. वैशाखात मीच उदयच्या मागं लागलेली, तुळस सुकाय लागली म्हणून. त्यानं आणलं पोतंभर. रहिमतपूरच्या दोस्ताकडनं, म्हनला."

रेश्मानं खुरप्यानं माती उकरली. लेंड्यांचा चुरा अजून ओळखू येत होता. त्यात लोकरीचा एक पुंजका. तिनं तो बोटांनी झाडला, पाण्यात बुडवला. माती सुटली. लोकर निळी होती.

तिनं फोटो काढला आणि क्रांतीला पाठवला. दोन ओळी लिहिल्या. लगेच क्रांतीचं उत्तर आलं: निघाले.

"काय शोधतीयास?"

उदयसिंह गोठ्याच्या दारात उभे होते. शिवन्या पळत जाऊन त्यांच्या कडेवर चढली, बोट दाखवायला. ते पोरीला घेऊन पायरीवर बसले आणि तिच्या बोटावर फुंकर घालू लागले.

"दादा, शिवन्याला खाली सोडा."

"का? माझ्याकडं कधी न्हवती का ती?"

रंगूबाई दोघांकडं पाहत राहिल्या. रेश्माला वाटलं, आता गप्प बसलो तर आयुष्यभर गप्प बसू. आणि ही पोर रोज या मांडीवर बसेल.

"ही शमी नाही," ती म्हणाली. "ही माणातली बाभूळ आहे. दादासोच्या मेंढरांनी वाटेत हिच्या शेंगा खाल्ल्या, त्यांच्या लेंड्यांतून ती इथं आली. रहिमतपूरचं खत नाही हे. यात निळी लोकर आहे, आणि निळा रंग फक्त त्यांच्या मेंढरांना असतो. म्हणजे कळप आपल्या रानात बसला. तुम्ही सकाळी रान झाडून काढलं. लेंड्या पाण्यात टाकल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. पण खत पाण्यात टाकायला हात धजला नाही तुमचा. आत्यांनी मागितलं होतं, तुम्ही पोतं भरून घरी आणलं."

उदयसिंह फुंकर घालायचे थांबले.

पदराची गाठ सोडून तिनं रबरी वेढे पुढं धरले. "हे खुंट्यांच्या टोकाला बसवतात. वर उघडी तार ओढतात, रानडुकरांसाठी, आणि तिच्यात पंपाची वीज सोडतात. त्या रात्री लाईट दोनदा गेली. मेंढरं उधळली, एडका घाणेरीत शिरला, त्याचा पट्टा तुटला. आणि बेशरम... दादा, कुंपण शेताच्या कडेला असतं. तुमची बेशरम शेताच्या आत आहे. चारी बाजूंनी लावलेली, मधे जागा सोडून. कुत्र्यानं उकरू नये म्हणून. मधली जागा एका माणसाच्या लांबीची आहे."

उदयसिंहांनी त्या वेढ्यांकडं पाहिलं.

"कुणाला सांगितलंस?" उदयसिंहांनी विचारलं. आवाज अगदी मऊ. हात शिवन्याच्या डोक्यावरून फिरत होता.

"क्रांतीला फोटो गेलाय. ती निघालीय."

हात थांबला. तिच्या आणि पोरीच्या मधे सारं अंगण होतं, आणि ते तिला फुगवट्याएवढं रुंद वाटत होतं.

तेव्हा रंगूबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. लेकापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"पोर इकडं दे."

"आई, तू हिचं ऐकतीयास..."

"उदय. पोर दे."

त्यांनी दिली. रंगूबाईंनी शिवन्याला रेश्माच्या हातात ठेवलं आणि परत लेकाकडं वळल्या. "आता बोल. दसऱ्याला हिच्यापुढं हात जोडलंस तवा तुला ठावं व्हतं?"

"न्हाई गं. मला तरी कुठलं कळतंय झाडातलं." उदयसिंहांनी चेहरा ओंजळीत घेतला. "सांजच्याला आला तो. म्हणला, नानांनी हाकललं, तुमच्यात बसवू का? मी म्हणलं बसव. तार आज बंद ठेवतो म्हणलं. आन विसरलो. आई, झोप लागली मला. येवढंच झालं. कोकरू सुटलं म्हणून तो उठला असणार... मी गेलो तवा गार झालता."

"मग कुणाला तरी उठवायचं होतं, दादा."

"तार चोरून टाकलेली. पेन्शन, नाव, समदं डोळ्यापुढं आलं. शिरवळकडचा एक व्यापारी ओळखीचा. उजाडायच्या आत त्याच्या गाडीत मेंढरं भरली, घोडं बी."

"आणि सूरज?"

"त्याच्यावर पुरावा न्हवता. सुटला असता आज ना उद्या."

"वैशाखापासून आत आहे तो," रेश्मा म्हणाली. "काल हरणाबाई मला विचारत होत्या, वाट बघणं ठाऊक आहे का."

खाली रस्त्यावर मोटरसायकलचा आवाज आला आणि वाडीच्या चढाला लागला. आईनं उदयसिंहांच्या खांद्यावर हात ठेवला नाही. पण त्यांच्याजवळून हललीही नाही.

६

बेशरमीखाली दादासो सापडला. त्याचं कांबळं त्याच्या अंगावर नीट पांघरलेलं होतं. उदयसिंहांनी तेवढं केलं होतं.

सूरज सुटला. चुलत्याला घेऊन माणात जायच्या दिवशी हरणाबाई वाडीत आली. फाटकापाशी थांबली, आत पाऊल टाकलं नाही. रंगूबाई पडवीतून उठून तिच्यापुढं गेल्या आणि वाकल्या. हरणाबाईनं त्यांना उठवलं नाही. रेश्माकडं एकदा पाहिलं, आणि गेली. तिच्या हातात ती घंटा होती. वळणापर्यंत ऐकू येत होती.

शिवतेजनं फोनवर सगळं ऐकून घेतलं. "मी सुट्टी टाकतो," एवढंच शेवटी म्हणाला. तो भावाच्या बाजूनं येणार की तिच्या, ते रेश्माला कळलं नाही. तिनं विचारलंही नाही.

वाडीतल्या बायका पाणवठ्यावर तिच्याशी बोलायच्या थांबल्या. काठफेरीला त्या रविवारी कुणी आलं नाही. फक्त नाना येऊन उभे राहिले, हातात विळा. "काय काढायचं ते दाव," म्हणाले, आणि दिवसभर खाली मान घालून घाणेरी तोडत राहिले.

संध्याकाळी घरी आली तर रंगूबाई तुळशीपाशी बसल्या होत्या. त्यांनी त्या रोपाला त्या दिवसापासून पाणी घातलं नव्हतं. तरी ते हिरवंगार होतं, वर नवं पान फुटलेलं.

"रेश्मे, ही काढ."

"सकाळी काढू, आत्या."

"आत्ता काढ."

रेश्मानं खुरपं घातलं. मूळ हातभर सरळ खाली गेलं होतं, मग वाकडं होऊन कट्ट्याच्या दगडांत शिरलं होतं. तिनं ओढून पाहिलं. हललं नाही.

"आत्या, मूळ तुळशीखाली गेलंय. वरून तोडलं तर परत फुटेल." ती थांबली. हा कट्टा सासऱ्यांनी बांधलेला, रंगूबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षी. "कट्टा फोडावा लागेल."

रंगूबाईंनी तुळशीच्या दोन मंजिऱ्या खुडून पदरात बांधल्या. मग उठल्या, गोठ्यात गेल्या, आणि लेकाची पहार ओढत घेऊन आल्या.

"फोड," त्या म्हणाल्या. "पर आधी पोरीला आत ठेव. दगडाच्या चिपा उडत्यात."